शुगर आणि डायलिसिसच्या रुग्णांचे दात

१. दवाखान्यात विचारला जाणारा प्रश्न

जुळे सोलापुरातील कोणत्याही दंतवैद्याच्या दवाखान्यात सकाळी तासभर बसावे, म्हणजे एकच प्रश्न निरनिराळ्या आवाजांत कानी पडल्याशिवाय राहत नाही : "डॉक्टर, मला शुगर आहे, दाढ काढली तर चालेल ना?" विचारणारे कधी रेल्वेतून निवृत्त झालेले गृहस्थ असतात, कधी शाळेतून पेन्शनीत गेलेल्या बाई असतात, आणि अलीकडे या प्रश्नाचे दुसरे, अधिक भयभीत रूपही ऐकू येते : "आमच्या आण्णांचे डायलिसिस चालू आहे. त्यांच्या दाताला हात लावायचा की नाही?"

दोन्ही प्रश्नांचे उत्तर, थोडक्यात सांगायचे तर, होकारार्थी आहे. मधुमेह आहे म्हणून किंवा मूत्रपिंडे निकामी झाली आहेत म्हणून दाताचा उपचार कायमचा वर्ज्य होतो, ही समजूत निराधार आहे. मात्र तो कोणत्या दिवशी, कोणत्या घटकेला, कोणती गोळी देऊन आणि कोणती माहिती आधी हाती घेऊन करावा, याचे नियम अशा रुग्णांच्या बाबतीत निराळे होतात. अडचण अशी, की ही माहिती एका ठिकाणी क्वचितच असते. शुगरच्या डॉक्टरांकडे एक फाईल, मूत्रपिंडाच्या डॉक्टरांकडे दुसरी, आणि दंतवैद्याकडे बहुधा नुसते नाव व वय. या तीन दप्तरांमध्ये पत्रव्यवहार होण्याची आपल्याकडे वहिवाट नाही, आणि रुग्णालाही दाढ ही इतकी किरकोळ बाब वाटते की तिच्यासाठी मोठ्या दुखण्याचे कागद घरून आणावेत, हे त्याच्या मनातही येत नाही. या प्रकरणात जे सांगायचे आहे, त्याचा निम्मा भाग त्या कागदांच्या पिशवीविषयीच आहे, असे म्हटले तरी चालेल.

२. हिरडीत काय घडते

दात दुखतो म्हणून माणूस दवाखान्यात जातो. हिरडी मात्र बहुधा न दुखताच बिघडते, आणि मधुमेहाचा खरा संबंध दातापेक्षा हिरडीशी अधिक आहे. दात आणि हिरडी यांच्या सांध्यात जंतूंचा एक चिकट थर रोज बसतो. तो रोज ब्रशने निघाला तर काही बिघडत नाही. राहिला तर लाळेतील क्षार त्यात मुरून त्याचे कठीण किटण बनते, हिरडी सुजते, दातापासून सुटू लागते आणि मधली फट वाढते. निरोगी माणसात ही फट एक ते तीन मिलिमीटर खोल असते. ती याहून खोल गेली म्हणजे ब्रश तिथे पोहोचत नाही, जंतूंना मोकळे रान मिळते, आणि दाताला धरून ठेवणारे हाड आतल्या आत झिजू लागते. सोलापूरकराला या साऱ्याची पहिली वर्दी पुष्कळदा कडक भाकरीमुळे मिळते : तुकडा मोडून तोंडात घालावा आणि त्याच्या कडेला रक्ताचा पुसट डाग दिसावा. भाकरी टोचली असेल, म्हणून तो डाग सोडून दिला जातो. निरोगी हिरडी भाकरीने सहसा रक्त देत नाही.

रक्तात साखर सतत वाढलेली असली म्हणजे जंतूंशी झुंजणाऱ्या पांढऱ्या पेशी मंदावतात, सूक्ष्म रक्तवाहिन्या बिघडतात, आणि हिरडीला घट्टपणा देणाऱ्या तंतूंची दुरुस्ती रेंगाळते. म्हणून एवढ्याच किटणाने मधुमेह्याची हिरडी इतरांच्या मानाने लवकर आणि अधिक खोल बिघडते. नॉर्वेजियन दंतशास्त्रज्ञ हॅराल्ड लो यांनी १९९३ साली हिरडीच्या या विकाराला मधुमेहाचा सहावा उपद्रव म्हटले. डोळे, मूत्रपिंडे, मज्जातंतू, मोठ्या रक्तवाहिन्या आणि न भरणाऱ्या जखमा यांच्या पंक्तीला त्यांनी हिरडीला बसवले.

याहून महत्त्वाची, आणि पुष्कळ रुग्णांना कोणी न सांगितलेली गोष्ट अशी, की हा संबंध उलट दिशेनेही चालतो. सुजलेल्या हिरड्यांतून दाह निर्माण करणारी द्रव्ये अहोरात्र रक्तात उतरत राहतात आणि त्यांच्यामुळे इन्सुलिनचा अंमल कमी पडतो. येथे शुगरच्या दोन तपासण्यांतील फरक समजून घ्यावा लागेल. उपाशीपोटीची शुगर ही दुकानदाराच्या रोजकीर्दीसारखी आहे. ती त्या दिवसापुरती नोंद दाखवते. एचबीएवनसी ही तपासणी म्हणजे दोन-तीन महिन्यांची खतावणी होय. तपासणीच्या आदल्या दिवशी गोड वर्ज्य करून तिची बाकी बदलता येत नाही. हिरड्यांची खोलवर सफाई करून घेतलेल्या मधुमेह्यांच्या या खतावणीत तीन-चार महिन्यांनी सरासरी सुमारे ०.४ अंकाची घट होते, असे अनेक चाचण्यांचे एकत्रित निष्कर्ष सांगतात. समजा एखाद्या बाईंचा आकडा ८.५ आहे, तर तो ८.१ च्या आसपास यावा. दिसायला हे थोडे वाटेल, परंतु एखादी जादा गोळी सुरू करून जे साधते त्याच्या जवळपास जाणारा हा लाभ आहे. म्हणून ब्रश, औषध आणि पथ्य यांच्या यादीत हिरड्यांच्या सफाईचे नाव असावे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

सफाईने दात हलतात, हा आपल्याकडचा एक हट्टी समज. हाड आधीच झिजलेले असते आणि किटणाच्या गिलाव्याने दात केवळ उभा राहिलेला असतो. गिलावा निघाला की त्याची खरी अवस्था उघडी पडते, एवढेच.

एक पोटप्रश्न सोलापूरच्या संदर्भात टाळता येत नाही. विडी वळणाऱ्या ज्या हजारो स्त्रियांमुळे या शहराचे नाव देशात गेले, त्यांच्या आणि एकंदर गरीब वस्त्यांतील पुष्कळ घरांत मिश्रीने दात घासण्याची सवय पिढ्यानुपिढ्या चालत आली आहे. मिश्री लावल्याने हिरडीतून रक्त येत नाही, असे या बायका मोठ्या खात्रीने सांगतात, आणि त्यांचे निरीक्षण खोटे नसते. तंबाखूतील निकोटीनमुळे हिरडीच्या रक्तवाहिन्या आकसतात, त्यामुळे आतून रोग वाढत असतानाही रक्त दिसत नाही. रोगाची वर्दी देणारा शिपाईच येथे फितवला जातो; आणि त्याच तंबाखूमुळे तोंडाच्या कर्करोगाचा धोका वाढतो, तो वेगळाच.

३. उपाशी जाऊ नये

दात काढायचा म्हणजे शस्त्रक्रिया, आणि शस्त्रक्रियेला उपाशीपोटी जायचे, असे समजून कित्येक मधुमेही सकाळची गोळी किंवा इन्सुलिन घेऊन, परंतु काहीही न खाता दवाखान्यात हजर होतात. याहून वाईट तयारी नाही. औषधाचा अंमल सुरू झालेला, पोटात अन्न नाही, वर भीती आणि तासभर ताटकळणे. साखर झपाट्याने खाली येते. घाम, थरथर, छातीत धडधड, गोंधळल्यासारखे बोलणे ही तिची लक्षणे खुर्चीवर बसलेल्या भेदरलेल्या माणसाच्या लक्षणांसारखीच असल्याने ओळखण्यात चूक होऊ शकते. दंतवैद्य हिरडीत टोचतो त्या बधिरतेच्या इंजेक्शनासाठी उपास लागत नाही. म्हणून नेहमीची न्याहारी करावी, नेहमीची औषधे नेहमीच्या वेळी घ्यावीत, सकाळची वेळ मागून घ्यावी, आणि ग्लुकोमीटर सोबत न्यावा. उपचारानंतर दुपारचे जेवण चुकणार असेल, तर औषधात काय बदल करावा हे आपल्या डॉक्टरांना आदल्या दिवशीच विचारून ठेवावे.

शुगर ७० च्या खाली गेली, तर सुमारे १५ ग्रॅम साखर, म्हणजे चहाचे तीन सपाट भरलेले चमचे, थोड्या पाण्यात विरघळवून द्यावी आणि १५ मिनिटांनी पुन्हा तपासावे. येथे मूत्रपिंडाचाही विकार असलेल्यांसाठी एक पाचर आहे. घरातील माणसे प्रेमाने शहाळ्याचे पाणी किंवा मोसंबीचा रस पुढे करतात. या दोहोंत पोटॅशियम भरपूर असते, आणि निकामी मूत्रपिंडांना ते बाहेर टाकता येत नसल्याने हृदयाच्या ठोक्यांना धोका संभवतो. अशा रुग्णाला साधी साखर किंवा ग्लुकोजची पूड द्यावी. शिवाय, इन्सुलिनचा निचरा काही अंशी मूत्रपिंडांतूनच होत असल्यामुळे ती थकली म्हणजे तेच इन्सुलिन शरीरात अधिक काळ टिकते, आणि वर्षानुवर्षे मानवलेली मात्रा एकाएकी जड होऊ लागते. "माझी शुगर आता आपोआप कमी झाली," असे आनंदाने सांगणाऱ्या जुन्या रुग्णाची मूत्रपिंडे तपासून घेणे म्हणूनच शहाणपणाचे.

शुगर किती असली म्हणजे दात काढावा? २०० च्या बरीच वर असेल तर सफाई, कवळीचे माप किंवा न दुखणाऱ्या दाताची कामे पुढे ढकलण्याकडे पुष्कळ दंतवैद्यांचा कल असतो, कारण अशा वेळी जखम सावकाश भरते आणि पू होण्याची भीती वाढते. हा आकडा काही कायद्याचे कलम नव्हे. रुग्णाचे वय, इतर विकार आणि कामाची निकड पाहून तो मागेपुढे होतो.

४. ज्या सुजेसाठी थांबायचे नसते

निकड असली म्हणजे मात्र हिशोब उलटा होतो. दाढेच्या मुळाशी पू झाला आहे, गाल सुजला आहे, आणि शुगर ३२० आहे. अशा वेळी "आधी शुगर खाली आणा, मग बघू" असे म्हणून रुग्णाला नुसते घरी पाठवणे म्हणजे त्याला चक्रात अडकवणे होय, कारण शुगर वर जाण्याचे एक कारण तो पूच असतो. पू बाहेर काढणे आणि इन्सुलिनने शुगर आवरणे ही दोन कामे एकाच वेळी, गरज पडल्यास रुग्णालयात दाखल करून, करावी लागतात. खालच्या दाढेची सूज हनुवटीखाली पसरली, जीभ वर उचलल्यासारखी झाली, गिळता येईना, तोंड उघडेना, तर ती रात्र घरी काढू नये. जर्मन वैद्य लुडविग यांनी १८३६ साली वर्णन केलेला हा विकार श्वासमार्ग बंद पाडून तासांच्या हिशोबात जीव घेऊ शकतो, आणि मधुमेह्यांना त्याचा धोका अधिक असतो.

वरच्या जबड्याचा धडा महाराष्ट्राने २०२१ साली फार मोठी किंमत देऊन घेतला. करोनाच्या दुसऱ्या लाटेत, अनियंत्रित शुगर आणि उपचारात दिलेली स्टेरॉइड औषधे यांच्या संयोगाने म्युकरमायकोसिस नावाच्या बुरशीने डोके वर काढले. ही बुरशी आपल्या मातीत, हवेत, कुजक्या पाल्यात नेहमीच असते; निरोगी माणूस तिला दाद देत नाही. वाढलेल्या साखरेत ती नाकाच्या पोकळ्यांतून वरच्या जबड्यात, डोळ्याकडे आणि शेवटी मेंदूकडे सरकते, आणि वाटेतील रक्तवाहिन्या बंद पाडून हाड मृत करते. त्या वर्षीच्या मे महिन्यात केंद्र शासनाने हा रोग नोंदणीयोग्य जाहीर करण्याची सूचना राज्यांना केली. महाराष्ट्र व गुजरात ही सर्वाधिक रुग्णसंख्येच्या राज्यांपैकी होती. पुष्कळ रुग्णांना पहिली खूण दातांनी दिली होती : वरच्या बाजूचे, न किडलेले, दोन-तीन दात एकदम हलू लागणे, गाल बधिर होणे, टाळूवर काळपट डाग येणे, नाकातून काळसर स्राव. दात हलतो म्हणून कोणी दंतवैद्याकडे गेला आणि त्याने शंका घेऊन पुढे पाठवले, तर जबड्याचा पुष्कळ भाग वाचण्याची संधी मिळत असे. उपचारातील प्रमुख औषध, अँफोटेरिसिन बी, स्वतःच मूत्रपिंडांना अपायकारक. म्हणजे जबडा वाचवताना मूत्रपिंडांवर पहारा ठेवावा लागे. एकाच शरीरातील खाती एकमेकांपासून किती थोडी वेगळी आहेत, याचे याहून कठोर उदाहरण आमच्या माहितीत नाही. लाट ओसरली, बुरशी आणि मधुमेह दोन्ही येथेच आहेत.

५. मूत्रपिंडे थकली म्हणजे तोंडात काय दिसते

दीर्घकाळचा मधुमेह हे मूत्रपिंडे निकामी होण्याचे जगभरातील सर्वांत मोठे कारण असल्याने वरील विवेचनाचे वाचक आणि या भागाचे वाचक पुष्कळ अंशी एकच आहेत. रक्तातील युरिया वाढला म्हणजे तो लाळेतही उतरतो, तोंडातील जंतू त्याचे विघटन करून अमोनिया तयार करतात, आणि श्वासाला लघवीसारखा उग्र दर्प येतो. जिभेवर धातूची चव रेंगाळते, अन्न नकोसे होते. हा दर्प दात न घासल्याचा नव्हे, हे घरच्यांनी ध्यानात घ्यावे. त्या माणसाला आधीच पुरेसे ओशाळे वाटत असते. रक्तक्षयामुळे हिरड्या फिकट पडतात. कॅल्शियम व फॉस्फरस यांचा मेळ बिघडल्याने जबड्याचे हाड विरळ होते, आणि ते दंतवैद्याच्या एक्स-रेमध्ये दिसते.

सर्वांत मोठा छळ तहानेचा. डायलिसिसच्या रुग्णाला दिवसाचे पाणी मोजून दिलेले असते, आणि सोलापूरचा वैशाख चाळीस अंशांच्या वर तापतो. तोंड कोरडे पडते, लाळ कमी झाली की दातांचे नैसर्गिक संरक्षण जाते, कीड वाढते, जीभ जळजळते. लिंबाची फोड चोखत राहणे हा घरगुती उपाय दातांच्या कवचाला झिजवतो. त्यापेक्षा बिनसाखरेचे च्युइंग गम, ओठांना साधे मलम, पाण्याने चूळ भरून ती पूर्ण थुंकणे, आणि बर्फाचा लहान खडा, तोही दिवसाच्या पाण्याच्या हिशोबात धरून, हे बरे. शेंगाचटणीचा मोह येथे आवरावा लागतो : तिच्यातील मिठाने तहान भडकते, आणि शेंगदाण्यातील फॉस्फरस व पोटॅशियमही अशा रुग्णाला वर्ज्यप्राय असतात. सोलापुरात हे सांगणे सोपे नाही.

६. डायलिसिसचा वार आणि दाढेचा वार

डच वैद्य विलेम कोल्फ यांनी १९४३ साली जर्मन अमलाखालील हॉलंडमध्ये पहिले व्यवहार्य कृत्रिम मूत्रपिंड रुग्णाला जोडले. आज, विशेषतः २०१६ च्या राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रमानंतर, डायलिसिसची सोय जिल्ह्याच्या गावापर्यंत आली आहे. यंत्रात रक्त गोठू नये म्हणून हेपॅरिन नावाचे औषध दिले जाते. त्याचा प्रभाव काही तासांत ओसरतो, तथापि त्याच दिवशी दात काढला तर रक्त थांबवणे कठीण जाते. उलट डायलिसिसला फार दिवस झाले असले तर युरिया साचून रक्तातील बिंबिका, म्हणजे रक्त गोठवणारे सूक्ष्म कण, नीट काम करीत नाहीत. म्हणून डायलिसिसच्या दुसऱ्या दिवसाची सकाळ ही दाताच्या कामाची योग्य वेळ.

समजा एका गृहस्थांचे डायलिसिस सोमवार, बुधवार, शुक्रवारी असते. त्यांना मंगळवार किंवा गुरुवार योग्य. शनिवारही नियमात बसतो, परंतु रात्री रक्त सुरू झाले तर रविवारी दवाखाना बंद असायचा. आम्ही तो टाळू. मंगळवारी दात काढला असेल तर बुधवारी डायलिसिस केंद्रात ही गोष्ट आधी सांगावी, म्हणजे हेपॅरिन कमी करता येते वा टाळता येते. ज्या हाताला फिस्टुला, म्हणजे डायलिसिसच्या सुईसाठी शस्त्रक्रियेने केलेला रक्तवाहिन्यांचा जोड, आहे त्या हातावर रक्तदाबाचा पट्टा बांधू देऊ नये, रक्तही काढू देऊ नये; खुर्चीवर बसताच तो हात दाखवावा. काढलेल्या जागी कापसाचा घट्ट बोळा अर्धा तास दाबून धरावा आणि दर पाच मिनिटांनी उघडून पाहू नये, कारण धरलेली गुठळी त्या उत्सुकतेनेच सुटते. हृदयासाठी रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ती आपल्या मनाने बंद करणे दात काढण्याहून धोक्याचे ठरू शकते.

७. मेडिकलमधून आणलेली गोळी

दाढ दुखू लागली की माणूस प्रथम औषधाच्या दुकानात जातो, आणि तेथे मिळणाऱ्या झटपट वेदनाशामकांत डायक्लोफेनॅक व आयब्युप्रोफेन यांचा भरणा असतो. मूत्रपिंडांकडे जाणारा रक्तप्रवाह या गोळ्या घटवतात. ज्यांची मूत्रपिंडे निम्म्याने काम करीत आहेत, आणि ज्यांना ते ठाऊकही नाही, अशा माणसांचे आठवडाभराच्या दाढदुखीत होणारे नुकसान कित्येकदा भरून येत नाही. सांगितलेल्या मात्रेत पॅरासिटामॉल हे अशा रुग्णांसाठी त्या मानाने सुरक्षित. प्रतिजैविकांचीही मात्रा मूत्रपिंडांच्या कार्यावरून ठरवावी लागते; दंतवैद्याच्या हाती क्रिएटिनिनचा ताजा रिपोर्ट नसेल, तर तो ती कशावरून ठरवणार? म्हणून रिपोर्ट, चालू गोळ्यांची पाकिटे आणि डायलिसिसचे कार्ड एकाच पिशवीत घालून न्यावे.

८. मूत्रपिंड बदलण्यापूर्वी आणि नंतर

प्रत्यारोपणाची तारीख ठरण्याआधी तोंडाची तपासणी करून दंतवैद्याचा दाखला मागितला जातो, आणि पुष्कळांना ती कागदी औपचारिकता वाटते. प्रत्यारोपणानंतर शरीराने नवे मूत्रपिंड नाकारू नये म्हणून प्रतिकारशक्ती जन्मभर दाबून ठेवावी लागते. त्या अवस्थेत दाढेच्या मुळाशी निपचित पडलेला जुना पू जागा झाला, तर प्रकरण दाढेपुरते राहत नाही. म्हणून वाचणार नाहीत ते दात आधीच काढावेत. नंतरचे पहिले सहा महिने अत्यावश्यक नसलेली दाताची कामे टाळतात.

सायक्लोस्पोरिन हे प्रत्यारोपणानंतरचे औषध आणि अॅम्लोडिपिन, निफेडिपिन या रक्तदाबाच्या गोळ्या यांच्यामुळे काहींच्या हिरड्या फुगून दातांवर चढतात. दोन्ही बरोबर चालू असल्या तर अधिकच. रुग्ण घाबरून गोळी बंद करतो आणि नवे मूत्रपिंड गमावण्याची वेळ आणतो. गोळी बदलता येते, परंतु तो निर्णय मूत्रपिंडाच्या डॉक्टरांचा. दरम्यान किटण काढून घेणे आणि मऊ ब्रशने दोन वेळा घासणे यांनी ही वाढ पुष्कळ आटोक्यात राहते. दंतवैद्याने एरिथ्रोमायसिन किंवा क्लॅरिथ्रोमायसिन लिहून दिले, तर सायक्लोस्पोरिन व त्याच कामाचे टॅक्रोलिमस यांची रक्तातील पातळी वाढते. तेव्हा अशा रुग्णाने प्रत्येक नव्या चिठ्ठीची कल्पना आपल्या प्रत्यारोपण केंद्राला द्यावी.

९. ज्यांना एकही दात उरलेला नाही

"मला आता दातच नाहीत, मला कशाला हे?" असे म्हणणारे आजोबा प्रत्येक गल्लीत भेटतात. कोरडे तोंड, वाढलेली साखर आणि दिवसरात्र घातलेली कवळी यांच्या संगमावर टाळूला निराळ्या बुरशीची लाल, जळजळणारी चादर धरते. कवळी रात्री काढून, घासून, पाण्यात ठेवावी. सैल झालेली कवळी हिरडीला घासून जखम करते, आणि मधुमेह्याच्या तोंडात ती जखम रेंगाळते. भाकरी चावेना म्हणून चहात बुडवलेली खारी आणि मऊ भात यांवर दिवस काढले जातात आणि शुगर वर सरकते, हे कारण तपासणीच्या कागदावर कुठेच दिसत नाही. तोंडातील कोणतीही जखम किंवा पांढरा वा लाल चट्टा दोन आठवड्यांत बरा झाला नाही, आणि त्यातून मिश्री किंवा तंबाखूची सवय असेल, तर दात असोत वा नसोत, तो दाखवून घ्यावा.